अंतराय

निपाणी
१२ नोव्हेंबर

पिऊ,

वर "परमपूज्य माताजी" लिहायचं असतंय म्हणे, आणि खाली "वंदामि". अभिनंदननं मला तसं बजावून सांगितलंय. आपला चुलतभाऊ आता समाजाचा सेक्रेटरी झालाय, तेव्हापास्नं त्याला सगळंच म्हाईत असतंय. मी म्हणाले, बाबा रं, ती शाळेत जाताना तिची वेणी मी घालत होते, मी पिऊच लिहिणार. वाचायचं असेल तर वाच, नसेल तर ठेव.

तू दीक्षा घेऊन गेल्यापास्नं पाच वर्सं मी तुला एक ओळ लिहिली न्हाय. लिहिणार पण नव्हते. आई ऐकंना म्हणून बसलेय. झालं काय, आपला ड्रायव्हर रवळू बेळगावात साखरेची पोती उतरून परत आला आणि चहा पिता पिता बोलून गेला, की तुमचा तिथला चातुर्मास संपला आणि आता संघ चालत कोल्हापूरच्या बाजूला निघणार. आई तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं आणि मला म्हणाली, कोल्हापूरला जायचं म्हटल्यावर निपाणी लागतंच की गं.

लागतंच. तुला काय सांगायचं? निपाणीला निपाणीसाठी कोण येतंय? कोकणात उतरायचं इथनं, चिकोडीला जायचं इथनं, वर पुणं आणि खाली बेंगळूर इथनं. अख्खा मुलूख आपल्या दारावरनं जातोय. आपण दोघी पी. बी. रोडवरच्या त्या दहा बाय बाराच्या लॉरी ऑफिसात बसून कुठल्या गाडीला कुठला माल ते ठरवायचो. तंबाखूची बोदं घेऊन गेलेली गाडी मोकळी परत यायला लागली की तुझा जीव वरखाली व्हायचा. दहा ठिकाणी फोन करून तिला काहीतरी भरून आणायचीसच. आप्पा म्हणायचे, धाकटीच्या राज्यात गाडी रिकामी फिरणार न्हाय. आणि तूच एका सकाळी सगळं टाकून, रोज एवढ्या गाड्या सुटणाऱ्या गावातनं, चालत गेलीस.

असू दे. मुद्द्यावर येते. आईला आता उंबरा ओलांडायला धरावं लागतंय. डाव्या डोळ्यानं दिसत न्हाय, उजव्यानं धूसर दिसतंय. गाडीत बसली की तासाभरात ओकाऱ्या काढते, त्यामुळं तुझ्याकडं बेळगावाला आणणं शक्य न्हाय. तिचं एकच चाललंय, मरायच्या आधी एकदा पिऊनं माझ्या हातचं जेवावं.

माझं म्हणशील तर येऊ नका. हायवेचं सहा पदरी काम काढून सगळं उकरून ठेवलंय. तवंदीच्या घाटात माणसाला चालायला बोटभर जागा न्हाय. संकेश्वरात डावीकडं वळा आणि गडहिंग्लजवरनं जावा, तो पण रस्ता कोल्हापूरलाच जातोय. पण येणार असशील तर व्हय म्हण आणि नसशील तर न्हाय म्हण. आईला लटकत ठेवू नको. उत्तर रवळूकडंच दे.

अनुराधा


२१ नोव्हेंबर

पिऊ,

माझंच पत्र मला परत? रवळूनं खिशातनं काढून टेबलावर ठेवलं तवा मला वाटलं तुझं उत्तर आलं. उघडून बघते तर माझंच अक्षर. मी त्याच्यावरच खेकसले. तो बिचारा खानापूरकडचा, त्याला आपल्या धर्मातलं काय कळतंय? म्हणाला, ताई, त्यांनी उभ्या उभ्या सगळं वाचलं, घडी केली आणि परत दिलं. त्यांच्याजवळ एक मोरपिसांची पिंछी, एक कमंडलू, अंगावरचं पांढरं पातळ. कागद ठेवतील कुठं? आणि बोलल्या काय, तर आशीर्वाद. तुझ्यासमोर तोंडातली तंबाखू कुठं थुंकायची म्हणून त्यानं गिळली म्हणे, बेळगाव ते हत्तरगी पोट धरून गाडी चालवली.

आईनं त्याला समोर बसवून विचारलं, कशी दिसते? तो म्हणाला, बऱ्या हायत की, तेज हाय तोंडावर. मग गाडीकडं जाताना मला बाजूला घेऊन म्हणाला, पाय लई फाटल्यात, ताई. डोक्यावर केस न्हाईत. मला म्हाईत आहे, तुमच्यात केस हातानं उपटून काढतात. आईनं माक्याचं तेल लावून लावून वाढवलेले केस ते. मला ऐकवलं न्हाय, मी त्याला जा म्हणाले.

तू काय बोलली न्हाईस, पण तुमच्या संघातल्या दीदींचा अभिनंदनला फोन आला. संघ निपाणीवरनंच येणार, दोन दिवस आपल्या बस्तीत, देवळातच मुक्काम करणार. आता अख्खी गल्ली घासूनपुसून निघालीय. आईला वाटलं, झालं, पिऊ जेवायला येणार. मग अभिनंदननं समजावून सांगितलं की तसं न्हाय. माताजी बस्तीतनं निघताना मनात काहीतरी धरतात. अमुक दिसलं तर त्या दारात थांबायचं, न्हायतर पुढं जायचं. दारात जोडपं असेल, कुणाच्या हातात नारळ असेल, काय पण असेल. कुठंच जुळलं न्हाय तर त्या दिवशी उपास. मी दीदींचा नंबर घेतला आणि सरळ विचारलं, ती काय धरणार आहे तेवढं आधी सांगा, मी तसा बंदोबस्त करते. दीदी हसल्या. म्हणाल्या, ते कुणालाच म्हाईत नसतंय. अगं, ही काय पद्धत? माल कुठं उतरायचा ते न सांगता गाडी सोडायची?

दीदींनी आणखी एक सांगितलं. माताजी चोवीस तासांत एकदाच जेवतात, पाणी पण त्याच वेळेला. त्या जेवताना अन्नात केस निघाला, मुंगी दिसली, कुणाचं रडणं कानावर आलं, कुणाच्या डोळ्यातनं पाणी आलं, तर त्या ओंजळ सोडून उठतात. त्याला अंतराय म्हणतात. मग दुसऱ्या दिवसापर्यंत घोटभर पाणी न्हाय. म्हणून घरच्यांनी अजिबात रडायचं न्हाय, विशेष करून आईनी.

आता आपली आई. ती टीव्हीवरच्या लग्नात रडते. म्हणून मी तिची रोज तालीम घेते. मी माताजी होऊन पाटावर ओंजळ करून बसते, ती वाटी घेऊन समोर बसते, आणि पहिल्याच घासाला हुंदका देते. मी म्हणते, उठले बघ मी, झाला अंतराय, राहिली पिऊ उपाशी. की पदरानं डोळे पुसून परत वाटी उचलते. कालपास्नं जरा सुधारणा आहे. तिसऱ्या घासापर्यंत टिकली.

तिनं नव्या पितळी भांड्यांचा लकडा लावला, ती आणली. नदीकडच्या मळ्यातल्या विहिरीचं पाणी ठरवलंय, जात्यावर दळायला मालुबाई यायला लागलीय. माझ्या मागं पण लागली, तू पण माझ्याबरोबर दारात उभी ऱ्हा, बाहेरचा चहा सोड, सूर्य बुडल्यावर खाऊ नको. बाहेरचं मी सोडलं, आईच्या तोंडाकडं बघून. पण उभी ऱ्हाणार न्हाय. का ते सांगते. दारात माताजी थांबल्या की आत नेऊन तोंडानं म्हणावं लागतंय, मनशुद्धी, वचनशुद्धी, कायशुद्धी, आहारजल शुद्ध आहे. पिऊ, मी धंद्यात काय पण बोलते. गाडी गॅरेजात उघडी पडलेली असते आणि मी पार्टीला सांगते, निघाली, आत्ता हेब्बाळ सोडलं. पण पाटासमोर बसून मन शुद्ध आहे म्हणून मला सांगता येणार न्हाय. माझं मन तुझ्याविषयी शुद्ध न्हाय. लई राग आहे.

सांगलीची माणसं वर्षभर थांबलीती माझ्यासाठी. तू ऑफिस बघशील, आईला बघशील, म्हणून मी हो म्हणालते. साखरपुड्याची साडी तूच पसंत केलीतीस. तू गेलीस, मग मी कुठं जाऊ? तुम्हाला संसार सोडता येतोय, कारण मागं कोणतरी तो धरून बसतंय. ते कोण, हे एकदा तरी तुझ्या मनात आलं काय?

हे पण वाचून परत पाठव. मला काय फरक पडत न्हाय.

अनुराधा


४ डिसेंबर, दुपार

पिऊ,

आज तुला बघितलं. तू मला बघितलं न्हाईस.

काल दीदींचा निरोप आला, की पहाटे कणगल्यास्नं निघून घाट उतरणार. मला रात्रभर डोळ्याला डोळा लागला न्हाय. तो घाट मला म्हाईत आहे. खाली उतरणारी भरलेली गाडी ब्रेक दाबून दाबून तापते, वळणावर उकरलेली माती, आणि या दिवसांत सकाळी असलं धुकं की बॉनेटच्या पुढचं दिसत न्हाय. त्यातनं तुम्ही बायका रांगेनं चालणार, मागंपुढं एक एक पोरगा लाल झेंडी घेऊन. लाल झेंडीनं वीस टनाची गाडी थांबते व्हय?

म्हणून मी माझ्या डोक्यानं केलं. बेळगावकडनं येणाऱ्या आपल्या सगळ्या ड्रायव्हरांना फोन केले, उजाडल्यावर घाटाच्या वरच बाजूला लावा, मी सांगेपर्यंत खाली उतरायचं न्हाय. मग बाकीच्या एजन्सीवाल्यांना फोन केले. त्यातला विक्रम म्हणाला, अनुराधाताई, तुम्हाला आज काय झालंय? मी म्हणाले, माझी बहीण घाट उतरतीया. त्यानं लगेच त्याच्या पण गाड्या थांबवल्या. मी रवळूबरोबर वर गेले. रस्त्याकडेला धुक्यात गाड्यांची ही लांब रांग, इंजिनं बंद, कुणी हॉर्न मारत न्हाय. एका वखारवाल्याचा फोन आला, माझा माल का उभा केलाय म्हणून ओरडला. त्याला सांगितलं, टायर पंक्चर आहे. त्या सगळ्या रांगेचंच आज पंक्चर होतं.

आणि तुम्ही आला. आधी मोठ्या माताजी, मग दोघी, आणि सगळ्यांत मागं तू. रवळूनं दाखवायच्या आधी मी ओळखलं. उजवा पाय जरा बाहेर टाकून चालायची तुझी सवय गेली न्हाय. मी वर केबिनमध्ये बसलेते. उतरावं असं लई वाटलं, दाराच्या कडीवर हात पण ठेवला. पण उतरून करणार काय? वंदामि म्हणू, का एक ठेवून देऊ? तुम्हाला चालताना चार हात पुढची जमीन बघायची असते, पायाखाली जीव मरू नये म्हणून. तू आमच्या गाडीच्या इतक्या जवळनं गेलीस की मी हात बाहेर काढला असता तर तुझ्या पदराला लागला असता. तू चाकं बघितली असशील फक्त. पुढचं टायर नवीन आहे.

तुम्ही खाली स्तवनिधीच्या कमानीत शिरल्याचा फोन आल्यावर मी गाड्या सोडल्या. सगळ्या एकदम सुरू झाल्या. मला आठवला तो पुराचा ऑगस्ट. वेदगंगेचं पाणी यमगर्णीच्या पुलावर आलतं आणि हायवे बंद होता. गाड्यांची रांग पार गावाबाहेर गेलीती आणि आपण दोघी ड्रायव्हरांना पातेल्यातनं भात वाढत फिरत होतो. तुमच्या मोठ्या माताजी त्याच वर्षी बस्तीत होत्या. तू हातातला डाव तसाच धरून मला म्हणालीस, "आक्का, हे सगळं थांबलं तरी काय बिघडतंय गं?" मी म्हणाले, खुळे, कांदा नासतोय. मला वाटलं तू गाड्यांविषयी बोलतीस.

उद्या तुम्ही गावात येणार. आईनं आजच दार धुऊन घेतलंय.

अनुराधा


५ डिसेंबर

पिऊ,

समाधान झालं? गेलीस दारावरनं.

मी उभी नव्हते, सांगितल्याप्रमाणं. मी आत खिडकीच्या फटीतनं बघत होते. आई दारात कलश धरून, एका बाजूनं अभिनंदनची बायको तिला धरून. बाकीच्या माताजी एक एक करून कुठं कुठं थांबल्या. तू कोपऱ्यावरनं आलीस, तुमच्या रीतीप्रमाणं उजवा हात आपल्या खांद्याला लावून, आपल्या दारासमोर पावलं जरा हळू झाली. आईला दिसत न्हाय, पण तिला कळलं. ती वंदामि वंदामि म्हणत राहिली. तू मान वळवलीस, दारात कोण कोण आहे ते बघितलंस, आणि पुढं जाऊन शेट्यांच्या दारात थांबलीस.

गल्ली मोकळी झाली तरी आई कलश खाली ठेवंना. मी बाहेर जाऊन तिच्या हातातनं काढून घेतला. ती रडली न्हाय. एवढी तालीम घेतली, तिचा उपयोग असा झाला. आत येऊन भिंतीला टेकून बसली आणि जोंधळ्याची ती मऊ भाकरी, दुधात कुस्करलेली, मला म्हणाली गाईला घाल.

मला तुझा इतका संताप आला की मी तशीच बस्तीत येऊन सगळ्यांच्या देखत तुला विचारणार होते, तुझ्या नियमात म्हातारी आई बसत न्हाय काय म्हणून. अभिनंदननं हात धरून थांबवलं. म्हणाला, त्यांनी जे धरलं असेल ते जुळलं न्हाय, त्यात त्यांचा काय दोष? जुळलं न्हाय म्हणजे काय? दारात तुझी आई होती. आणखी काय पाहिजे होतं?

सांजच्याला आई म्हणाली, "तू उभी नव्हतीस म्हणून थांबली न्हाय ती." मी म्हणाले, तुला कुणी सांगितलं? म्हणाली, मी दोघींना जन्म दिलाय, मला कुणी सांगायला लागत न्हाय. आणि उठून परत जोंधळे निवडायला बसली, उद्यासाठी. उद्या जेवण झालं की तुम्ही कोगनोळीकडं निघणार. त्यापुढं महाराष्ट्र, आणि मग तू या वाटेला कधी येशील, आई असेल का नसेल, कुणी सांगावं?

मी काय करू ते मला कळंना. उभी ऱ्हायले तर खोटं बोलावं लागतंय. न्हाय ऱ्हायले आणि तू परत दारावरनं गेलीस, तर आई जन्मभर माझ्याकडं बघणार. हे पत्र दीदींकडं देतेय. वाचून परत देऊ नको म्हणायचा काय उपयोग न्हाय.

अनुराधा


६ डिसेंबर

पिऊ,

तुम्ही आता यमगर्णीचा पूल ओलांडला असेल. हे रवळूबरोबर कोगनोळीला पाठवतेय. पाकीट चिकटवलंय. तुझ्या हातात देऊन तू वाचेपर्यंत समोर उभा ऱ्हा म्हणून सांगितलंय. दीदींच्या हातात पण द्यायचं न्हाय.

सकाळी मी न्हाऊन, सोवळ्याचं नेसून आईच्या शेजारी उभी ऱ्हायले. काय म्हणायचं ते ठरलेलं नव्हतं. तू कोपऱ्यावर दिसलीस आणि आईचा आवाजच फुटंना. ती नुसते ओठ हलवत होती. मग मीच म्हणाले, हे माताजी, वंदामि, वंदामि, वंदामि, अत्र तिष्ठ तिष्ठ. लॉरी थांबवायच्या आवाजातच आलं ते, समोरच्या गॅलरीतल्या बायका हसल्या. पण तू थांबलीस. तू काय धरलं होतंस ते मला म्हाईत न्हाय आणि मी विचारणार पण न्हाय.

आत नेऊन तुझे पाय धुवायचं काम आईनं माझ्याकडं दिलं. टाचेच्या भेगेत डांबराचा खडा रुतून बसलाता. तो मी नखानं काढला. तुला दुखलं असणार, तू पाय हलवला न्हाईस. मग उठून हात जोडले. मनशुद्धी म्हणायचं तिथंच मी अडले. तू उभी. ते म्हटल्याशिवाय तू बसणार न्हाईस. आई माझ्याकडं तोंड करून, अभिनंदन माझ्याकडं डोळे वटारून. आणि मी मनात राग हुडकायला लागले, पिऊ, खरंच सांगते, आणि तो सापडंना. पाच वर्सं सांभाळलेला राग. तुझा पाय मांडीवर घेतला तेव्हा तो कुठं गेला, कळलंच न्हाय. म्हणून म्हणाले. मनशुद्धी, वचनशुद्धी, कायशुद्धी, सगळं म्हणाले. त्यातलं काहीच तवा खोटं नव्हतं.

तू बसलीस. मी पाण्याचा कलश घेऊन एका बाजूला, आई समोर. मला आईचीच धास्ती होती. पण ती दगडासारखी बसली. पहिला घास दिला, दुसरा दिला. तिला तुझी ओंजळ नीट दिसत न्हाय, म्हणून ती डाव्या हाताच्या बोटांनी तुझी बोटं चाचपून मग घास ठेवत होती. कितव्यातरी घासाला तिला तुझ्या बोटावरचा तो पत्र्यानं कापल्याचा व्रण लागला असणार. तिथं तिचं बोट थांबलं. आणि ती, बोलायचं न्हाय म्हणून एवढं सांगितलेलं असताना, हळूच म्हणाली, "सावकाश जेव गं, पिऊ."

मी तुझ्या अगदी जवळ होते. तुझी मान खाली होती. तुझ्या डोळ्यातलं पाणी गालावर आलं न्हाय, सरळ ओंजळीतल्या भाकरीवर पडलं. दुसऱ्या कुणाला दिसायचं कारण न्हाय. तू ओंजळ उघडलीस आणि घास खाली सोडलास.

मग काय विचारतीस. अंतराय झाला, अंतराय झाला म्हणून सगळे पुढं आले. अभिनंदनची बायको भाकरीत केस हुडकायला लागली, मालुबाई पीठ कसं दळलं ते शपथेवर सांगायला लागली. तू पोटात चार घास आणि पाण्याचा थेंब न्हाय अशी उठलीस. आणि आई जमिनीवर हात फिरवत होती. "काय पडलं गं माझ्या हातातनं? मला दिसत न्हाय. माझ्याच हातातनं काय पडलं काय?"

तिला काय सांगणार होते मी? तुझ्या हातातनं काय पडलं न्हाय, पिऊ रडली, असं? तिला आनंद झाला असता, मला म्हाईत आहे. पण ती तो आनंद पोटात ठेवणारी बाई न्हाय. दुपारपर्यंत अख्ख्या निपाणीला कळलं असतं, की घरचं माणूस समोर आल्यावर माताजी ढासळल्या. तुझ्या पाच वर्सांच्या चालण्याचं लोकांनी काय केलं असतं? म्हणून मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आई, तुझं काय चुकलं न्हाय. मी रडले. माझाच हुंदका गेला त्यांच्या कानावर."

तू हात धूत होतीस. तू वळून माझ्याकडं बघितलंस. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा, डोळ्याला डोळा देऊन. तुझं मौन होतं, तरी मला वाटलं आता तू बोलतीस आणि सगळं सांगून टाकतीस. मी मान हलवली, नको म्हणून. तू पिंछी उचललीस आणि गेलीस. ते बरं केलंस.

वचनशुद्धी म्हणून घटका झाली नव्हती. असू दे, ते पाप माझ्या खात्यावर.

आता गावात एकच चर्चा. एवढं सांगून पण अनुराधानं बहिणीला उपाशी घालवली. अभिनंदन माझ्याशी बोलंना झालाय. शेजारच्या काकू दारात येऊन म्हणाल्या, लॉरीच्या धंद्यातली बाई, तिला कुठलं आवरतंय? आईनं पण सगळे गेल्यावर मला चांगलं झापलं. तिच्या सगळ्या कष्टाची माती केली म्हणाली. मग माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "रडलीस व्हय? बरं झालं. आप्पा गेल्यापास्नं मला तुझी काळजी होती."

तुझ्या मोठ्या माताजींना काय सांगायचं आणि कसलं प्रायश्चित्त घ्यायचं, ते तुझं तू बघ. त्यात मी पडत न्हाय. आईला मात्र हे कधी कळता कामा न्हाय. आणि तू डोळ्यातनं पाणी काढलंस म्हणून स्वतःला फार शिक्षा करून घेऊ नको. मला त्या एका थेंबानं जे मिळालं, ते तुला सांगायला मला येत न्हाय.

मी ऑफिसात बसून लिहितेय. बाहेर गाड्या चालल्यात. आज उन्हाचा कडाका आहे, पुलावर तर सावलीच न्हाय, आणि तू पाण्याशिवाय चालतीस, हे सारखं डोळ्यासमोर येतंय. उद्या कोगनोळीत काहीतरी साधं धर गं. पहिल्याच दारात मिळेल असं. आणि बसलीस की आधी पाणी पी.

आक्का